आखाजीची शिवी

मला कोणी भांडखोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. भांडखोर बाई वर्षभर भांडते. मी वर्षातून एकदाच तोंड सोडायची, आखाजीला, तेही गोमाईच्या काठावर, गावच्या सगळ्या बायकांना संगती घेऊन. त्याला भांडण म्हणत नाहीत. ज्यांना कळत नाही त्यांनी गप्प बसावं.

आखाजी म्हणजे तुमच्या पंचांगातली अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, पितरांच्या नावानं घागर पुजतात, आणि खापरावरच्या पुरणपोळ्या नि आमरस खाऊन माणसं जिथल्या तिथं आडवी होतात. उठली की पुरुषमंडळी लिंबाखाली पत्ते कुटत बसतात. त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हणत नाही, आणि आम्हालाही कोणी काही म्हणत नाही. दिवस कलला की आम्ही बायका गौराई डोक्यावर घेऊन नदीवर जायचो. वैशाखात गोमाईला पाणी ते किती, गुडघाभर. या काठाला आम्ही, त्या काठाला पलीकडच्या गावच्या. दोन्ही गावांना नावं आहेत, सरकारदरबारी लिहिलेलीही आहेत, पण आम्ही बायका फक्त अल्याड नि पल्याड म्हणायचो. गौराई पाण्यात सोडली की दोन्ही काठांवर रांगा धरायच्या, पदर खोचायचे आणि एकमेकींना शिव्या द्यायला सुरुवात करायची. कंदिलातलं तेल संपेपर्यंत. ज्या काठाचं तोंड आधी बंद पडेल तो काठ हरला, आणि मग वर्षभर धुणं धुताना समोरच्यांचं हसणं ऐकायचं.

वाटेल ते बोलायचं असंही नव्हतं बरं का. मेलेल्याचं नाव काढायचं नाही. जिला लेकरू नाही तिला त्यावरून बोलायचं नाही. दगड उचलायचा नाही. पूर्वी उचलत असत, माझ्या सासूच्या कपाळावर त्याची खूण होती आणि ती म्हातारी ती खूण मोठ्या तोऱ्यानं दाखवायची. नदीवरची शिवी नदीतच सोडून यायची, घरी आणायची नाही. आणि एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होती. नाव घेऊन दिलेली शिवी म्हणजे मान. जिचं नाव पलीकडून कोणी घेतलं नाही, ती बाई रडवेली होऊन घरी जायची.

आमच्या शेजारच्या छबूबाईचंच घ्या. स्वभावानं लोण्याचा गोळा. एका साली तिला पल्याडहून एकसुद्धा शिवी आली नाही, तर त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्या आखाजीला मी कासारणीबरोबर पल्याड निरोप धाडला, की माझे आई, आमच्या छबूबाईला एखादी द्या, बिचारी झुरते आहे. त्यांनी दिली, आमच्या अहिराणीतच. “छबूबाईनं नाक भज्यासारखं!” झालं, बाई पुढे महिनाभर आरशात बघून हसत होती.

मला मात्र निरोप धाडायची गरज कधी पडली नाही. माझं सासर-माहेर एकाच गावात, वरच्या गल्लीतून खालच्या गल्लीत दिलेली मी. त्यामुळं समजायला लागल्यापासून याच काठावर उभी राहिले. अल्याडला मी, फुलवंता, आणि पल्याडला जमनाबाई. बाकीच्या आमच्या आजूबाजूला टाळ वाजवायला. जमनाबाईशी समोरासमोर बसून मी कधी पाण्याचा घोट प्यायले नव्हते, पण तिच्या आवाजातली खरखर मी झोपेतही ओळखली असती. खोटं कशाला बोलू, वर्षभर मी तिची वाट पाहायची. चुलीपुढं बसून नव्या शिव्या जुळवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आता याला ही काय उत्तर देते ते बघू.

आणि त्या साली काय झालं, तर हीच जमनाबाई माझी विहीण व्हायची वेळ आली.

आमच्या सोनीला अठरावं लागलं होतं. लोक बोलायला लागले होते. दोन स्थळं होती. एक माझ्या नणंदेनं आणलेलं, सुरतेकडचं. बैलगाडीनं नंदुरबारला जा, तिथून आगगाडीत बसा, उतरून परत बैलगाडी शोधा, मग कुठं पोरीचं तोंड दिसणार. दुसरं स्थळ पल्याडचं, भिला पाटलांचा सुपडू, म्हणजे जमनाबाईचा धाकटा. पोरगा कामाचा, घरी मिरचीचं नि कापसाचं रान, आणि मुख्य म्हणजे घर नदीपलीकडं. मी धुणं आपटायला बसले की समोर माझी पोर धुणं आपटताना दिसणार. मला तेच घर पाहिजे होतं. सोनी माझी एकुलती. नणंदेला मी काय काय बोलले ते सांगत नाही, ते आखाजीच्या नियमात बसणारं नव्हतं.

भिला पाटील आणि जमनाबाई सुपारी फोडायला कधी येणार होते? आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्या मालकांनी आठवडाभर आधीपासून माझा पिच्छा पुरवला. दोधू पाटील म्हणून गावात नाव आहे त्यांचं. मी ते घेत नाही, छबूबाई घेते म्हणून सांगते. आखाजीच्या दिवशी पाचवी पुरणपोळी ताटात घेऊन ते म्हणाले, “विहिणीला कोणी शिव्या देतं का? आज शिवी द्यायची आणि उद्या पाटावर बसवून ओवाळायचं? लोक काय म्हणतील? आज तू तोंड उघडशी ना, तर पोर गयी सुरतले, समजी ले.”

आयुष्यात त्यांचं मला पहिल्यांदा पटलं, आणि तिथंच घोटाळा झाला. त्यांचं पटायला लागलं की काहीतरी बिघडलंय हे मला कळायला पाहिजे होतं.

“मी काही बोलाव नही,” मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी उठून घरातला सगळ्यात मोठा गुळाचा खडा आणला, लिंबाएवढा. “नदीवर पाय ठेवला की हा तोंडात टाक. विरघळेपर्यंत आखाजी आटपेल.” वर आणखी दोन माझ्या ओटीत बांधून दिले आणि गेले पत्ते कुटायला.

मी जाणारच नव्हते. पण छबूबाई दारात येऊन उभी. मागं कमलीबाई, माझी दुसरी मैत्रीण, जिला शिवी पुरी व्हायच्या आधीच हसू फुटतं आणि शिवी वाया जाते.

“फुलवंता, तू उनी नही तर आपला काठ बुडना म्हन!” छबूबाई म्हणाली.

मी सगळं सांगितलं. छबूबाईचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, “नुसती उभी राहा. तू मागं आहेस म्हटलं की मला धीर येईल. मी देते या साली.” कमलीबाई लगेच हसायला लागली.

गेलो. सोनीही पोरींच्यात होती, नवी हिरवी नाटी, म्हणजे पोरींचं लुगडं, नेसून, खाली मान घालून. आमची सोनी म्हणजे इतकी मुकी पोर की घरात आहे की नाही कळायचं नाही. भाकरी भाजताना बोट भाजलं तरी नुसती फुंकर मारणार. मला घोर लागायचा, की ही माझ्या पोटी कशी आली आणि जमनाबाईच्या घरात हिचा निभाव कसा लागणार.

गौराई पाण्यात गेली. तिजेची चंद्रकोर जराशी दिसली आणि झाडांमागं गेली. दोन्ही काठांवर कंदील लागले. मी गूळ तोंडात टाकला आणि कमलीबाईच्या मागं उभी राहिले.

पल्याडहून खाकरण्याचा आवाज आला. जमनाबाई सुरू झाली. आधी गावाला, मग माणसाला, ही तिची रीत.

तिची बोली मी जरा साधी करून सांगते. ती म्हणाली, अल्याडच्या बायांचा आमरस काय सांगू! आंबा एक आणि पाणी घागरभर. पितर जेवायला येतात आणि पोहून परत जातात!

पल्याडच्या बायका खिदळल्या. खरं सांगते, मलाही हसू आलं, गूळ घशात जायचा राहिला. माझ्याकडं जवाब तयार होता. पण गप्प. छबूबाई पुढं झाली. तिनं पदर खोचला, सोडला, परत खोचला.

“तुमच्या… तुमच्या म्हशी…” ती ओरडली, “काळ्या ऱ्हातीस!”

पल्याडच्या एका बाईनं प्रामाणिकपणे विचारलं, “मंग गोऱ्या ऱ्हातीस का?”

कमलीबाईनं बाजू सावरायला तोंड उघडलं. “जमनाबाईचं डोकं म्हणजे…” इथवर आली आणि हसत खालीच बसली. डोकं म्हणजे काय ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

मग जमनाबाई माझ्यावर आली. “फुलवंता कोठे शे? तिन्ही पुरनपोई इतली जाडी, का दोधू पाटीलनी तिनावर बसीसन मोट हाकी!”

मी गूळ चघळत राहिले.

“फुलवंता घोरस तवय आमना काठना कुत्रा भुकतस!”

मी दुसरा खडा तोंडात टाकला. माझ्याच काठावरच्या बायका वळून वळून माझ्याकडं बघायला लागल्या. पलीकडून सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडीचं प्रकरण निघालं. आमच्या मालकांनी तिथून तरणी म्हणून घोडी आणली होती आणि ती घरी येईपर्यंत म्हातारी झाली होती. जमनाबाई म्हणाली की आता घोडी खाटेवर निजते आणि पाटील गव्हाणीत. हे तर नव्वद टक्के खरं होतं! याला उत्तर नाही द्यायचं म्हणजे घोडी खाटेवर निजते हे कबूल करण्यासारखं होतं.

आणि आता पल्याडचं हसणं कमी होत चाललं होतं. शिवी मारायची आणि समोरून काहीच नाही, यात मजा कसली? जमनाबाईच्या आवाजातली खरखरही जरा हलली. ती म्हणाली, “फुलवंता, तू शे का नही तठे?”

छबूबाईनं मला कोपरानं ढोसलं. “काहीतरी बोल माय. शिवी नको देऊ, पण बोल.”

मला वाटलं, बरोबर आहे. विहीण होणार आहे, चांगलं बोलावं. गूळ एका गालात सारला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि जितकं गोड ओरडता येईल तितकं गोड ओरडले, “जमनाबाई! तुम्हना आवाज लई गोड शे! तुम्ही म्हणता ते समदं बरोबर शे!”

अगं बाई गं! नदीचं पाणीसुद्धा थांबलं की काय वाटलं. छबूबाईच्या हातातला कंदील खाली आला. पल्याडच्या बायकांनी आपसात कुजबूज केली. एकीनं काळजीनं विचारलं, “हिले ताप येल शे का?”

जमनाबाईनं कंदील वाळूत टेकवला. बोलली ती हळू, पण रात्र इतकी गप्प होती की शब्द न् शब्द इकडं आला. “मले ‘तुम्ही’ म्हने,” ती आपल्या बायकांना सांगत होती. “इतल्या आखाज्या मन्हं नाव लिसन शिव्या दिध्यात. आज मन्हा आंडोर सुपडूना लगीननी गोष्ट निघनी, तर मी शिवीना लायकबी नही? परकी करी टाकं मले.” आणि मग मोठ्यानं, सगळ्या नदीला ऐकू जाईल असं, “ज्या घरले आमनं नाव बी तोंडमा घेवानं नही, त्या घरनी पोर आमले नको! उद्या आमी येवाव नहीत!”

तिनं कंदील उचलला आणि ती वळली.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी मान दिला असं मला वाटत होतं, आणि नदीवर मान कशाला म्हणतात हे मीच, फुलवंता, विसरले होते! छबूबाईच्या नाकाला भजं म्हणवून घेण्यासाठी निरोप धाडणारी मी! मी गूळ थुंकला. ओरडायला तोंड उघडलं. “ए जम…” आणि आवाजच येईना. दोन खडे गुळाचा पाक घशाला चिकटून बसलेला. नुसती घुर्रर्र झाली. परत ओरडले, परत घुर्रर्र. जन्मभर ज्या गळ्याच्या जोरावर नाव कमावलं तो गळा नेमक्या वेळेला मांजरासारखा गुरगुरत होता. समोर जमनाबाईचा कंदील दरड चढत होता. एक एक पाऊल वर. माझ्या डोळ्यांपुढं नंदुरबारचं स्टेशन दिसायला लागलं, आणि खिडकीत हिरवी नाटी नेसलेली माझी पोर. मी छबूबाईचा हात धरला नि रडायलाच लागले.

तेव्हा पाण्यात कोणीतरी धबाधबा पाय टाकत गेलं.

“ए जमने!”

मी वळून बघितलं कोण ते. आवाज ओळखीचाच नव्हता. खणखणीत, कोरा, कधी वापरलेला नसावा तसा. गुडघाभर पाण्यात, नाटीचा काष्टा वर खोचून, कमरेवर हात ठेवून सोनी उभी होती. माझी सोनी! नवऱ्या मुलीनं होणाऱ्या सासूला, अख्ख्या दोन गावांसमोर, नावानं हाक मारली होती.

कंदील दरडीवर थांबला.

“आखाजी सोडीसन पयी चालनी का व?” सोनी ओरडली. “मन्ही मायना एक शब्द गोड लागना, तर तुन्हं पोट बिघडनं?”

पल्याडच्या एका म्हातारीनं आनंदानं टाळी दिली.

मग माझ्या पोरीनं जे तोंड सोडलं, ते मी सगळं सांगू शकत नाही, कारण मी अर्धा वेळ रडत आणि अर्धा वेळ हसत होते. ती म्हणाली, जमने, तुझ्या तोंडाचा वारा इतका, की तुझ्या घरात येणाऱ्या सुनेला दळण नको, जातं आपोआप फिरेल! ती म्हणाली, तुझ्या सुपडूचं नाक इतकं लांब, की गोमाईवर पूल नको, त्याला आडवा निजवला की दोन्ही गावांच्या गाड्या जातील! तो रानात मिरच्या तोडायला गेला की हिरव्या मिरच्या लाजून लाल होतात!

“आगं माय!” कमलीबाई माझ्या कानात म्हणाली. “हिने त्याचं नाक कधी बघितलं?”

मलाही तेच विचारायचं होतं, पण घुर्रर्र.

कंदील दरड उतरायला लागला. आधी हळू, मग भराभर. काठावर येऊन जमनाबाईनं तो शेजारणीच्या हातात दिला, पदर खोचला, खाकरली, आणि तिच्या आवाजात अशी तरतरी आली की ऐकत राहावं. ती म्हणाली, पोरी, तू भाकरी थापतेस तेव्हा पल्याडला वाटतं ढोल वाजतोय, आमची माणसं काम सोडून नाचायला निघतात! सोनी म्हणाली, नाचू दे, तुझ्या हातच्या भाकरी खाऊन त्यांना दुसरं काही करता येत नाही, चावून चावून जबडे गेलेत! जमनाबाई म्हणाली, तुझी वेणी बघून आमच्या बैलाला वाटतं नवा कासरा आला! सोनी म्हणाली, तुझा बैल तरी बघतो, तुझा नवरा तर तू दिसलीस की शेताची वाट धरतो!

दोन्ही काठांवरच्या बायका खाली वाळूत बसल्या. कोणी मधे तोंड घालेना. एखाद्या चांगल्या जागेला दोन्हीकडून “व्वा” यायचं. आणि बोलता बोलता दोघी एकेक पाऊल पुढं येत होत्या, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. सोनी इकडून, जमनाबाई तिकडून, पाणी तुडवत. शेवटी नदीच्या मधोमध दोघी नाकाला नाक लागेल एवढ्या जवळ आल्या, आणि दोघींनाही एकदमच सुचेनासं झालं. धापा टाकत उभ्या राहिल्या.

जमनाबाईनं ओल्या हातानं सोनीची हनुवटी वर केली. कंदील मागवून सोनीचं तोंड नीट बघितलं. मग बोटं मोडून दृष्ट काढली.

“उद्या कसाले?” ती म्हणाली. “आतेच ठरनं. ही पोर मन्ही. आन् पुढली आखाजीले ही मन्हा काठवर उभी ऱ्हाई. मंग दखू अल्याडनी कोन टिकस ते!”

पल्याडच्या बायकांनी आरोळी ठोकली. आमच्या काठावर छबूबाईसुद्धा टाळ्या वाजवायला लागली, बावळट कुठली! मी तिचे हात धरले. कळलं कोणाला ती काय बोलली ते? आखाजीला लेक माहेरी येते. जगबुडी झाली तरी येते. अख्खं वर्ष दुसऱ्याच्या घरी राबल्यावर एवढा एक सण असतो तिला मोकळं हसायला, झोक्यावर बसायला, आईच्या हातचं खायला. आणि ही बया तोही मागत होती, माझ्याकडून, माझ्याच नदीत उभी राहून!

गळ्यातला पाक कुठं गेला ते गौराईला ठाऊक. मी लुगडं वर धरून पाण्यात घुसले.

“ए जमने!” मी ओरडले, आणि लिंबावरचे बगळे उडाले. “हावरट! भस्म्या व्हयना का तुले? पोर दिधी ते आखाजी बी देऊ? उद्या म्हणशील नदी बी दे! तुन्ही पुरनपोईले भोकं पडोत! तुन्हा आमरस फाटो! तुन्हा भिला पाटीलनी मिशी उंदीर कुरतडी खावो, तीबी एकच बाजूनी! जमने, मन्ही पोर आखाजीले मन्हा घर येई, मन्हा हातनं खाई, मन्हा काठवर उभी राही, आन् तुले शिव्या देई! नही म्हनशी ते याच पानीमा तुन्हं डोकं धरीसन कपडासारखं आपटसू!”

मी थांबले, कारण श्वास संपला.

जमनाबाईनं डोळे मिटून ऐकून घेतलं होतं, भजन ऐकावं तसं. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. ती आपल्या बायकांकडं वळली. “ऐकं ना समदीसनी? नाव लिसन दिधी! मन्हं नाव लिसन!” आणि मग माझ्याकडं. “इतला येळ कोठे व्हती व माय? जीव टांगी ठेवा मन्हा.” तिनं पुढं होऊन मला मिठी मारली. मीही मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला हात लागला. बाई हाडकुळी होती. आवाजावरून मला वाटायचं चांगली जाडजूड असेल.

“चल,” ती माझ्या खांद्यावर म्हणाली. “आखाजी तुन्ही. बाकीनं वरीस मन्हं.”

“मंजूर!” मी गरजले.

दोन्ही काठ नाचायला लागले. सोनी आम्हा दोघींच्या मधे उभी राहून खाली मान घालून हसत होती, जसं काही ती पोर बोललीच नव्हती.

एवढ्यात आमचे मालक धावत आले. माझा आवाज लिंबाखाली पत्त्यांच्या डावापर्यंत पोचला होता. हातातले पत्ते तसेच, एक पायताण वाटेत पडलेलं. त्यांनी थेट पाण्यात शिरून जमनाबाईपुढं हात जोडले. “विहीणबाई, पदरात घ्या. हिच्या तोंडाला लगाम नही. तोंडात धरायला मी गूळ दिला होता, दोन-तीन खडे दिले होते…”

“म्हंजे तुम्ही गूळ दिसन हिनं तोंड बंद करं व्हतं?” जमनाबाई म्हणाली. “व्याही, तुम्ही आजपाईन मधमा पडानं नही. तुम्हनापायी लगीन मोडनं व्हतं.”

मालक माझ्याकडं, सोनीकडं, परत माझ्याकडं बघायला लागले. पत्त्यातला एक राजा त्यांच्या हातून निसटून पाण्यावर तरंगत गेला. “म्हणजे ठरलं?” त्यांनी विचारलं. “काय ठरलं?”

मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागले. अख्खं गाव ऐकत होतं, मी जिंकले होते, का नाही सांगणार? “हिला म्हटलं, आखाजी आपली,” मी म्हणाले. “आखाजीला पोर आपल्या घरी. बाकीचं वरीस…”

आणि ते पुढचं मला बोलवेना. समोर सोनी ओली झालेली नाटी पिळत होती आणि जमनाबाईनं आपला पदर तिच्या खांद्यावर टाकला होता.

“अगं, रडतेस काय?” मालक म्हणाले. “जिंकलीस ना?”

“हो तर,” मी म्हटलं. “वर्षातला एक सण जिंकले.”